येळवस, चौथा मजला

"तुमच्याकडे गॅस लीक होतोय का हो?" शेजारच्या काकू दारात उभ्या, पदर नाकाला. "जिन्यात वास येतोय, म्हटलं विचारावं."

मी धावत जाऊन रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, साबणाचं पाणी करून नळीला लावलं आणि बुडबुडे येतात का ते बघत बसलो. एक बुडबुडा येईल तर शपथ. आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "गॅस न्हाई त्यो. तुझा कोबी हाय."

कोबीच होता. चार दिवसांपूर्वी मीठ चोळून, काचेच्या बरणीत दाबून, घट्ट झाकण लावून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेला एक किलो कोबी. काकूंच्या नाकाची तशी काही चूक नव्हती. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचं एक उग्र संयुग मिसळतात. कोबीतही गंधकाची संयुगं भरपूर, आणि तो आंबायला लागला की ती मोकळी होतात. काकूंनी रसायन बरोबर ओळखलं होतं, फक्त भांडं चुकलं. मी झाकण फिरवलं आणि फस्सकन आंबूस पाण्याची एक पिचकारी थेट एक्झॉस्ट फॅनपर्यंत गेली. फॅन चालू होता. त्यामुळे राहिलेला मजलाही या प्रयोगात सामील झाला.

ही कोबीची कल्पना एका पुस्तकातली, आणि पुस्तक लेकीचं. ती जर्मनीत नोकरी करते. एप्रिलमध्ये दोन आठवडे आली होती, माझं जेवणानंतरचं कण्हणं ऐकून कंटाळली आणि जाताना बॅगेतलं एक जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवून गेली. आतड्यांच्या आरोग्यासाठी स्वयंपाक, असा विषय. गुळगुळीत कागद. दर पानावर एक लाकडी टेबल, त्यावर मुद्दाम चुरगळलेला पंचा, त्यावर एक वाडगा. वाडग्यात काय आहे ते ओळखायला खालचा मजकूर वाचावा लागतो, आणि मजकूर वाचूनही केल, टेम्पे, मिसो, केफिर हे माझ्या कोणत्याही डब्यात नसतं.

माझ्या पोटाची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण पोटाची हकिगत सांगणाऱ्या माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही हे मी स्वतःवरून जाणतो. बँकेत काउंटरमागे चौतीस वर्षं काढली, गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. डबा कधी एकला, कधी साडेतीनला. वरून सात-आठ चहा. गॅसेस, जडपणा, सकाळी पोट साफ नाही, आणि ते साफ नाही म्हणून दिवसभर दुसरं काही सुचत नाही. डॉक्टरांनी दुर्बीण घातली. रिपोर्ट नॉर्मल आला. नॉर्मल रिपोर्टचं दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक: दुखतंय ते खरं, पण दाखवायला कागद नाही. 'आयबीएस', म्हणजे चिडखोर आतडं, असं नाव मिळालं आणि टेन्शन घेऊ नका असा सल्ला. मी बँकेत लोन सेक्शनला होतो हो.

तर वेळ होता, पुस्तक होतं, आणि बायको सकाळी सातला ज्युनिअर कॉलेजला जाते. ती वनस्पतिशास्त्र शिकवते, हे पुढे महागात पडणार होतं. "करा की तुम्ही स्वयंपाक," ती म्हणाली. "पोट तुमचं आहे. फक्त फ्रिज आपल्या तिघांचा आहे हे लक्षात ठेवा."

सॉरक्राउटने, म्हणजे जर्मनांच्या आंबवलेल्या कोबीने, सुरुवात केली, कारण त्याला कोबी आणि मीठ एवढंच लागतं. कोबीच्या वजनाच्या दोन टक्के मीठ, म्हणजे किलोला वीस ग्रॅम. बारीक चिरून मीठ लावून हातानं चुरायचा. पाच-सात मिनिटांत त्याला इतकं पाणी सुटतं की वरून घालावं लागत नाही. पानांवर आधीपासून असलेले जिवाणू मग कामाला लागतात. पहिल्या पाळीला ल्युकोनोस्टॉक नावाचे, जे साखर खाऊन आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड करतात, आणि आंबटपणा वाढून त्यांनाच तो सोसेनासा झाला की दुसऱ्या पाळीला लॅक्टोबॅसिलस घराण्यातले. हे सगळं अठरा-वीस अंशांत सावकाश तीन-चार आठवडे चालतं, असं पुस्तक सांगतं. मे महिन्यात पुण्यात माझ्या ओट्यावर चौतीस अंश होते. तिथे दोन्ही पाळ्या एकदमच हजेरी लावून, डबे खाऊन, चार दिवसांत घरी जायच्या बेतात होत्या. आणि झाकण सैल ठेवा ही सूचना पुढच्या पानावर होती. मी पान उलटलं नव्हतं.

गंमत म्हणजे हा ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइडिस नावाचा प्राणी (प्राणी नव्हे, जिवाणू, बायकोने दुरुस्त केलं) इडलीच्या पिठातही असतो. रात्री भिजवून वाटलेलं पीठ सकाळी पातेल्याबाहेर आलेलं असतं, त्यात त्याचा मोठा हात. म्हणजे जर्मनांच्या बरणीत आणि आमच्या पातेल्यात एकच कारागीर. हे वाचून मला फार धीर आला आणि मी आईला सांगायला गेलो.

"इडलीचं पीठ आंबतं," आई म्हणाली. "तू कोबी नासवलास."

"आई, एकच आहे गं ते."

"एकच कसं? नासलेलं टाकतेत. आंबलेलं खातेत."

यावर मी दोन दिवस विचार करत होतो. पुस्तकात दर दुसऱ्या पानावर एकच शब्द आहे, फर्मेंटेड. कोबी फर्मेंटेड, दूध फर्मेंटेड, चहा फर्मेंटेड. आईकडे त्या एका शब्दाच्या जागी अख्खी उतरंड आहे. दही लागतं. पीठ फुगतं, चढतं. ताक आंबतं. लोणचं मुरतं. दूध नासतं किंवा फाटतं, आणि ही दोन एक नव्हेत. फाटलेल्याचा कलाकंद होतो. आमटी उतरते. भात विटतो. भाकरीला बुरशी धरते, शेंगदाणा खवट होतो, तूप कढवायला उशीर झाला तर लोण्याला वास येतो. प्रत्येक शब्दात पुढे काय करायचं ते आलेलं आहे: खा, उद्या खा, गुरांना घाल, फेकून दे. आंबलेलं ताक कढीला चालतं, उतरलेली आमटी चालत नाही. थर्मामीटर नसलेल्या घरात बोट आणि नाक वापरून केलेली ही वर्गवारी. माझ्या कोबीसाठी तिच्याकडे शब्द नव्हता, कारण तिच्या रानात कोबी असा मुरवायला कधी आलाच नाही. म्हणून तिनं त्याला जवळच्या रकान्यात टाकलं. बँकेत आम्हीही असंच करायचो.

(तो कोबी मी खाल्ला. दहाव्या दिवशी तो शिजवल्यासारखा लिबलिबीत झाला होता. चव वाईट नव्हती. वाससुद्धा बरणीला तोंड लावलं की जाणवत नाही, बाहेरूनच जास्त येतो.)

पुस्तकातली मला खरोखर पकडून ठेवणारी गोष्ट कोणती पाककृती नव्हती, ती एक संख्या होती. आठवड्याला तीस. तीस निरनिराळ्या वनस्पती पोटात गेल्या पाहिजेत: धान्य, डाळी, भाज्या, फळं, तेलबिया, पाला. ही तीसची गोष्ट अमेरिकेतल्या 'अमेरिकन गट प्रोजेक्ट'मधून आली. दहा हजारांहून जास्त लोकांनी आपापल्या शौचाचे नमुने पोस्टाने पाठवले, आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. आठवड्याला तीसहून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात, दहा किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा, जिवाणूंचं वैविध्य जास्त दिसलं. एकोणतिसाव्यापर्यंत काही नाही आणि तिसाव्याला दिवा लागतो, असं त्यात कुठे नाही. पण मी बँकवाला. टार्गेट दिलं की मला बरं वाटतं.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादी सुरू केली. आठवडा नेहमीसारखा जेवायचं, काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. गहू, तांदूळ, तूर, मूग, बटाटा, कांदा, टोमॅटो, लसूण, मिरची, कोथिंबीर, भेंडी, केळं, शेंगदाणा, कोबी, फ्लॉवर. पंधरा. बायकोने लाल पेन घेतलं. "कोबी आणि फ्लॉवर एकच प्रजाती. नवलकोल आणि ब्रोकोलीसुद्धा. एक खोडा." चौदा. मसाल्याला पुस्तक पाव मार्क देतं म्हणून मी आईच्या येसराकडे वळलो: धणे, जिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल. "दगडफूल ही वनस्पती नाही," लाल पेन पुन्हा. "बुरशी आणि शेवाळ यांचा संसार आहे तो. लायकेन." मी म्हटलं, संसार आहे तर दोघांचे मिळून अर्धा तरी द्या. दिला नाही. धणे तर कोथिंबिरीतच मोजलेले, आणि उरलेल्या पावांचा पुरता एक होईना.

चौदा. मला वाटलं होतं आपण चांगलं खातो. घरी शिजवलेलं, बाहेरचं नाही, शाकाहारी. चौदा.

मग माणूस करतो तेच केलं, एकदम उडी मारली. दुसऱ्याच आठवड्यात राजमा, छोले, मटकी, जव, भोपळ्याच्या बिया, बीट, पुस्तकातला तो वाडगा. चार दिवसांत सत्तावीसवर गेलो आणि पाचव्या रात्री बाहेरच्या खोलीत झोपायला गेलो, स्वेच्छेने नव्हे. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या तोडायचं पाचक द्रव्य माणसाकडे नाहीच. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात, हायड्रोजन वगैरे वायू करतात. हेच जिवाणू तंतू आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्लही करतात, ज्यावर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. म्हणजे पोटातही तोच कारखाना चालू होता जो ओट्यावर होता, आणि इथेही मी झाकण घट्ट लावून बसलो होतो. माझ्यासारख्या दुखऱ्या पोटाच्या माणसाला तर कांदा, लसूण, गहूही काही वेळा सोसत नाहीत. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने अशांसाठी असे पदार्थ काही आठवडे वगळून मग एकेक परत आणून बघायची पद्धत बसवली आहे. पुस्तकात हे शेवटच्या प्रकरणात, बारीक अक्षरात. आमच्या डॉक्टरांनी मात्र ऐकून एकच विचारलं, "मोड आणले होते का? किती दिवसांत किती वाढवलं?" मी गप्प. "हळू," ते म्हणाले. तीनशे रुपयांत एवढा चांगला शब्द मला कधी मिळाला नव्हता.

हळू जायचं तर नवं काय आणायचं यापेक्षा जुनं काय गेलं ते आधी बघू, असं मनात आलं. एका दुपारी आईला विचारायला बसलो. आम्ही लातूर जिल्ह्यातले, मांजरा काठचे. मी पुण्यात आलो १९९१ साली, आई वडील गेल्यावर आली. "तू लहान असताना काय काय खायचीस" असं विचारलं की आई "काय, भाकरी" म्हणते आणि विषय संपतो. पण "करडईची भाजी कशी करायची गं" असं एकाच भाजीचं विचारलं की मग बांध फुटतो. करडईची कोवळी पानं, मग करडईचं तेल घाण्यावरचं. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी. अंबाडीची भाजी कण्या घालून. हुलग्याचं माडगं. राळे. पिवळी ज्वारी. तांदुळजा, घोळ, पाथरी, चुका, चाकवत. पाथरी तर मीच पाच वर्षांचा असताना मिठाबरोबर रानात कच्ची खाल्ल्याचं तिला आठवतं. मला नाही आठवत.

हे कुणी ठरवून बंद केलं नाही. ज्वारी निवडा, दळून आणा, भाकरी थापा यापेक्षा गव्हाचं पीठ बरं पडलं. करडईचं तेल मिळेना म्हणून डब्यातलं आलं. जवस संपले ते परत आणायचं राहिलं. बावीस वर्षं राहिलं.

आणि हे आमच्याच डब्यांत झालं असंही नाही. धाकटा भाऊ गावी शेती बघतो. त्याला फोन केला, म्हटलं थोडी करडई पाठव. हसला. "करडई कुठली आता? समदं सोयाबीन." खरीपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. पूर्वी ज्वारीच्या रानाला कडेनं करडई असायची, काटेरी म्हणून जनावर आत शिरत नसे. तुरीच्या ओळी, मधे मूग-उडीद, कुठे अंबाडीची चार झाडं दोरीपुरती. आता लातूरचा बाजार सोयाबीनसाठी देशभर माहीत आहे आणि त्या पिकातलं मूठभरही आमच्या घरात कुणी शिजवून खात नाही. सगळं तेलगिरणीत जातं. मी भावाला दोष देत नाही. सोयाबीन नगदी आहे, कमी दिवसांत निघतं, आणि माझी भाजी विविध व्हावी म्हणून त्यानं काटेरी करडई काढत बसावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मी तर पीठही गिरणीतून दळून आणत नव्हतो. पण कॅलेंडरच्या पाठीवरचे चौदा आणि त्याच्या रानातली दोन पिकं मला त्या दिवशी शेजारी शेजारी दिसली, एवढं खरं.

हे वाचून कुणी मला 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असा मेसेज पाठवणार असेल तर थांबा. मीही त्याच वाटेने निघालो होतो. आंबील! ताक आणि ज्वारी, रात्रभर आंबवलेली! आईला म्हटलं, बघ, तुम्ही रोज प्यायचात, तज्ज्ञ आता सांगतायत.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आंबील पोटाला बरी म्हणून कोण पेतंय? पीठ पुरत न्हवतं म्हणून पेत होतो."

बहात्तरच्या दुष्काळात ती अठ्ठावीस वर्षांची होती. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, रोजगाराच्या कामावर सुकडी. त्या मिलोची भाकरी थापली जात नसे, म्हणून आंबील. तीही पातळ, इतकी की वाटीचा तळ दिसे. आणि त्याच्याही आधीची गोष्ट तिनं मला इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती: तिच्या पाठची दोन भावंडं हगवणीनं गेली. एकाच पावसाळ्यात. आडाचं पाणी. ती भावंडं हीच आंबील पीत होती, हाच पाला खात होती. वैविध्य भरपूर होतं त्यांच्या पोटात. त्यात जो यायला नको तोही आला.

त्यामुळे आता कुणी जुन्या आहाराचं गुणगान सुरू केलं की मला आधी आड दिसतो. आणि वर्तमानकाळातली अडचण वेगळीच आहे. आई आज एक्क्याऐंशीची. सकाळी चहात चार मैद्याची बिस्किटं बुडवून खाते, शेव तिला जीव की प्राण, सॅलड म्हणजे गुरांचं खाणं असं तिचं मत. आणि सकाळी सहाला तिचं पोट घड्याळ लावल्यासारखं साफ. तीस वनस्पती मोजणारा मी दाराबाहेर ताटकळत उभा. बल्गेरियातले लोक आंबट दुधामुळे दीर्घायुषी होतात असं मानणारा मेच्निकॉफ, १९०८चं नोबेल मिळालेला मोठा शास्त्रज्ञ, रोज तसलं दूध पीत असे. तो एकाहत्तराव्या वर्षी गेला. हे मी आईला सांगितलं. "त्यानं बिस्कुट खायला पायजे होतं," ती म्हणाली.

तरी ताक मी सोडलेलं नाही. स्टॅनफर्डमध्ये छत्तीस निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला, २०२१ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना दहा आठवडे तंतुमय जेवण वाढवून दिलं, अर्ध्यांना दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ. आंबवलेलं खाणाऱ्यांत जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि दाह दाखवणारी काही प्रथिनं कमी झाली. नुसते तंतू खाणाऱ्यांत तेवढ्या दिवसांत वैविध्य वाढलं नाही. माणसं थोडी, दिवस थोडे, पण ताकाला एवढा आधार मला पुरतो. मात्र आंबट ते सगळं 'प्रोबायोटिक' ही समजूत मी घरापुरती तरी मोडली. इडली वाफवली की त्यातले जिवाणू मरतात; इडली पचायला हलकी होते ती वेगळ्या कारणाने. आपलं आंब्याचं तिखट तेलकट लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि तेल यांच्या जोरावर. त्यात जिवंत लॅक्टोबॅसिलस शोधू नयेत. गार करून ठेवलेल्या भातात आतड्यातल्या जिवाणूंना आवडणारा स्टार्च वाढतो हे खरं, पण तोच भात उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिला तर दुसऱ्याच जिवाणूंची सोय होते. तो फ्रिजमध्येच.

आणखी एक गोष्ट पुस्तकाबाहेरची. आमच्या घरापासून बसने अर्ध्या तासावर, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस नावाची पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी भारतीयांच्या आतड्यातले जिवाणू तपासले; २०१६च्या एका निबंधात आपल्याकडे प्रिव्होटेला हा गट ठळकपणे जास्त दिसला. पालेभाजी-धान्य खाणाऱ्या समाजांत तो सापडतो. म्हणजे लेकीचं पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांचं पोट आणि माझं पोट यांचे रहिवासीच जरा वेगळे. भाडेकरू वेगळे असतील तर त्यांना रोज केलच का द्यावा?

पावसाळ्यात मी हळूहळू चढलो. ज्वारी परत आली, आठवड्यातून चारदा. भाकरी मी थापतो ती जर्मनीच्या नकाशासारखी होते, असं लेक व्हिडिओ कॉलवर म्हणते. जवस, कारळे, तीळ यांच्या तीन बरण्या. मटकीला मोड. अठरा, वीस, एकवीस. बायको लाल पेन घेऊन बसतेच. पोटाचं म्हणाल तर आठवड्यातले चार दिवस बरे जातात, पूर्वी दोन जायचे. याहून मोठा दावा मला करवत नाही.

मग मार्गशीर्ष आला आणि आई कॅलेंडर बघायला लागली. माझ्या यादीची बाजू नव्हे, तारखांची.

आमच्याकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग, पलीकडे बिदर-कलबुर्गी, मुख्यतः याच पट्ट्यात. पुण्यात कुणाला सांगितलं की "म्हणजे काय?" असं विचारतात. त्या दिवशी गाव रिकामं, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. त्यांची पूजा, मग आंबील रानभर शिंपडत फिरायचं आणि जेवायला जो येईल तो पाहुणा. जेवण म्हणजे बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर, माठभर आंबील आणि भज्जी. भजी नव्हे, भज्जी. त्या महिन्यात रानात उभं असेल ते सगळं एका पातेल्यात: हरभऱ्याचे ओले घाटे, तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, वांगं, बोरं, चिंच, वरून बेसन लावून घोटलेलं. आता भज्जीची भाजी गावातले लोकही आदल्या दिवशी बाजारातून विकत आणतात, भाऊ सांगत होता. रानात एवढं उभंच नसतं.

मी मंडईत दोन फेऱ्या मारून अठरा जिन्नस जमवले. चुका शेवटच्या गाळ्यावर मिळाला. कुंभाराकडून छोटं मडकं आणलं. आंबील आईने पलंगावर बसून करवून घेतली. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर ठेवायचं. सकाळी उकळत्या पाण्यात ओतून घोटायचं. "गुठळी झाली," आई खोलीतून म्हणाली, तिला पळीच्या आवाजावरून कळलं. पार गार झालं की पुन्हा ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, आणि मडक्याला फडकं बांधून ठेवून द्यायचं. मी दुसऱ्या दिवशी फडकं सोडून वास घेतला. काहीच नाही. रात्री पारा अकरावर गेला होता. मे महिन्यात चार दिवसांत छताला लागलेला कारखाना डिसेंबरात गोधडी घेऊन झोपला होता. आईनं मडक्यावर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि म्हणाली, "गार हाय. फ्रिजच्या मागं ठिव." फ्रिजच्या मागची बाजू गरम असते हे तिला कुणी सांगितलं होतं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फडक्याखालून बारीक चुर्र असा आवाज येत होता.

अमावास्येला बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशेजारी पाच खडे मांडले, खडूने पांढरे केलेले. कोपीच्या जागी आईने झाडूचे चार हीर रोवले. तिच्या हातात आंबिलीची वाटी, माझ्या हातात तिचा दंड. तीन कुंड्यांभोवती फिरून आम्ही आंबील शिंपडली. "ओलगे ओलगे सालम पोलगे," आई पुटपुटत होती. अर्थ तिलाही माहीत नाही, तिच्या सासऱ्यांनाही नव्हता. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर थोडी आंबील पडली. ते अजून बोललेले नाहीत.

दुपारी पार्सल द्यायला वॉचमन वर आला. निलंग्याकडचा आहे, एवढंच मला माहीत होतं. दार उघडलं तसा तो पार्सल हातात धरून उंबऱ्यातच थांबला आणि नाक वर करून हुंगला. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं आता हाही गॅसचं विचारणार.

"साहेब, येळवस व्हय?"

त्याला सुट्टी मिळाली नव्हती. बस म्हटलं तर बसला नाही, दारातच उभ्याने पेला घेतला. एका दमात अर्धा प्याला, थांबला, जिभेवर घोळवून पाहिलं, मिशी पुसली.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

"त्याला सांग," आतून आईचा आवाज आला, "म्या न्हाई केली. ह्यानं केलीय."

मी मीठ आणायला आत गेलो.